कीटकांची हजेरी

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजचा विषय काही जणांना चमत्कारिक वाटेल. परीक्षा, नोकरी, उच्च शिक्षण हे सारे सोडून हा शिक्षक भुंगेरे आणि टाचण्या यांच्याविषयी काय सांगणार, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. परंतु शास्त्राचा पहिला धडा चार गोष्टींचा असतो : नीट पाहणे, सारख्या दिसणाऱ्या वस्तूंतला फरक ओळखणे, प्रत्येकीला तिचे नाव देणे आणि ते लिहून ठेवणे. हा धडा गिरवण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आपल्या तीन शहरांतला नदीकाठ त्याला पुरेसा आहे.

शास्त्रज्ञांनी आजवर नावे दिलेल्या कीटकांच्या जातींची संख्या सुमारे दहा लाख आहे. त्यांपैकी जवळजवळ चार लाख जाती एकट्या भुंगेऱ्यांच्या आहेत. भुंगेरा ओळखण्याची खूण सोपी आहे. त्याच्या पंखांची पुढची जोडी कडक होऊन पाठीवर झाकणासारखी बसते आणि उडण्याचे नाजूक पंख त्या झाकणाखाली घडी करून ठेवलेले असतात. शेणाचा गोळा ढकलीत नेणारा शेणकिडा, भाजीवरचा मावा खाणारी ठिपक्यांची चित्रांग, नारळाचा कोंब पोखरणारा गेंड्या भुंगा, एवढेच नव्हे तर तांदळाच्या डब्यात सापडणारा सोंडकिडा, हे सारे भुंगेरेच. पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीच्या झाडांवर चमकणारा काजवाही याच गणातला आहे. आईला डब्यातला सोंडकिडा नकोसा वाटतो आणि शेतकऱ्याला चित्रांग हवीशी वाटते. एकाच गणात शत्रू आणि मित्र दोन्ही असतात. म्हणून सरसकट 'किडा' म्हणून भागत नाही.

आता टाचणीकडे वळू. मुले चतुर आणि टाचणी या दोघांनाही 'हेलिकॉप्टर' म्हणून मोकळी होतात. पण बसलेला कीटक पाहा. चतुर दणकट असतो, बसताना पंख आडवे पसरतो आणि त्याचे मोठे डोळे बहुधा एकमेकांना टेकलेले असतात. टाचणी नावाप्रमाणे बारीक असते. तिचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना असतात आणि बसल्यावर बहुतेक टाचण्या पंख मिटून पाठीवर धरतात. एवढे ध्यानात आले की वर्गीकरणाची पहिली पायरी तुम्ही चढलात. पुढे कुल, मग प्रजाती आणि शेवटी जाती. प्रत्येक पायरीवर शास्त्रज्ञ एकच प्रश्न विचारतो : हे लक्षण आहे की नाही? भुंगेऱ्याच्या मिशांचा आकार व पायांच्या शेवटच्या भागातील सांधे, टाचणीच्या पंखांतल्या शिरा व नराच्या शेपटीच्या टोकाचे चिमटे ही पाहण्याची स्थळे. केवळ रंगावर विसंबू नये. एकाच जातीत नराचा रंग वेगळा व मादीचा वेगळा असतो, आणि नुकत्याच पंख फुटलेल्या टाचणीचा त्याहूनही निराळा असतो.

जातीला नाव देण्याची जी पद्धत आज जगभर चालते, ती स्वीडनच्या लिनिअसची. प्राण्यांच्या नावांची मोजदाद त्याच्या ग्रंथाच्या १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून धरतात. तळ्याकाठच्या गवतात पिवळ्या शेपटीची जी टाचणी हमखास आढळते, तिचे शास्त्रीय नाव 'सेरिॲग्रिऑन कोरोमँडेलियानम' असे आहे. लिनिअसचा शिष्य फॅब्रिशियस याने १७९८ मध्ये तिचे वर्णन केले आणि आपल्या देशाच्या कोरोमंडल किनाऱ्याचे नाव तिला कायमचे चिकटले. पुढे फौजेतले डॉक्टर असलेल्या फ्रेझर यांनी भारतातील चतुर व टाचण्यांवर तीन खंड लिहिले. ते १९३३, १९३४ आणि १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अभ्यासक आजही ते उघडतात.

मग सगळे काम झाले, आता आपल्यासाठी काय उरले, असे कोणी म्हणेल. तर ऐका. त्याच सेरिॲग्रिऑन प्रजातीतली एक नवी जाती २०१९ मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातून जगापुढे आली. लगेच २०२० मध्ये कोकण किनाऱ्यावरून एका नव्या चतुराचे वर्णन झाले आणि त्याच्या नावात कोकणच गुंफले गेले : 'ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस'. हे कीटक कोठून परदेशातून आले नव्हते. ते येथेच होते. लोकांच्या डोळ्यांसमोरून उडत होते. त्यांच्याकडे थांबून पाहणारा कोणी भेटला, एवढेच.

असे थांबून पाहणारे एक नाव तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. मुंबईच्या खेतवाडीत मामांकडे वाढलेल्या एका पोरक्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने चिमणीसारखा एक पक्षी टिपला. त्याच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा कोणता पक्षी, असे त्याने मामांना विचारले. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. ही गोष्ट १९०८ ची. तेथील चिटणीस मिलर्ड साहेबांनी पक्ष्याचे नाव सांगितलेच, शिवाय नावानिशी मांडून ठेवलेले शेकडो पक्षी त्या मुलाला दाखवले. तो मुलगा म्हणजे डॉ. सलीम अली. मला यात मामांचे मोल फार वाटते. 'जा, अभ्यास कर' म्हणून त्यांनी त्याला हाकलून लावले नाही. पालकांनो, तुमचे मूल उद्या काडेपेटीत भुंगेरा घेऊन आले, तर त्या मामांची आठवण ठेवा.

आता आपल्या गावाच्या गोष्टीकडे येतो. टाचणीचे बालपण पाण्यात जाते. तिच्या पिलाच्या मागच्या टोकाला पानासारखे तीन कल्ले असतात. पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेण्यास ते मदत करतात. डासांची पिले हे तिचे एक खाद्य. सांडपाण्याने पाण्यातला प्राणवायू संपला की हे पिलू जगत नाही. काही जाती डबक्यातही तग धरतात, तर काहींना वाहते, निर्मळ पाणीच लागते. म्हणजे कोठे कोणती टाचणी आहे हे पाहून पाण्याची प्रकृती समजते.

आपली उल्हास नदी सह्याद्रीतून उतरून कर्जत, बदलापूरवरून कल्याणकडे जाते. वालधुनी अंबरनाथच्या १०६० सालच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहत उल्हासनगरात शिरते. कारखान्यांचे आणि वस्त्यांचे पाणी पोटात घेऊन तिचा नाला झाला. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्यात विषारी रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरातील शेकडो रहिवासी गुदमरून इस्पितळात गेले. माणसे आजारी पडली म्हणून बातमी झाली. त्या पाण्यातले जीव किती आणि कोणते गेले, हे कोण सांगणार? शाळेच्या हजेरीपटावर नाव असते म्हणूनच मूल गैरहजर आहे हे कळते. ज्याचे नावच पटावर नाही, तो आला काय आणि गेला काय, कोणाला पत्ता लागत नाही. वालधुनीकाठच्या जिवांचा असा पट आपल्या एकाही घरात नाही. आता तरी तो सुरू करावा, ही माझी विनंती आहे.

काम कसे करावे तेही सांगतो. बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर येथे पाण्यालगतची एकेक सुरक्षित जागा ठरवा. महिन्यातून एकदा, ऊन असताना, ठरलेल्या वेळी तेथे पन्नास पावले सावकाश चाला. वहीत तारीख, वेळ, जागा, हवामान, दिसलेला कीटक आणि त्याची संख्या लिहा. नाव येत नसेल तर चित्र काढा किंवा मोबाइलवर फोटो घ्या, पण अंदाजाने नाव ठोकून देऊ नका. 'ओळख पटली नाही' ही प्रामाणिक नोंद आहे आणि 'एकही दिसला नाही' हीसुद्धा नोंदच आहे. कीटक मारू नका. पावसाळ्यात प्रवाहाजवळ जाऊ नका, नाल्यात उतरू नका आणि वडीलधाऱ्यांना बरोबर घेतल्याशिवाय निघू नका. या कामात मुलींनाही तितकेच पुढे येऊ द्या. अडलेल्या ओळखीसाठी मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे केंद्र पुण्यालाही आहे.

'सर, याने मार्क किती वाढतील?' असे एखादे अब्बा विचारतील. खरे सांगायचे तर कदाचित एकही नाही. पण जे पाहिले तेच लिहायचे, जे पाहिले नाही ते लिहायचे नाही, ही सवय लागलेला मुलगा पुढे डॉक्टर होवो, हिशेबनीस होवो की कारखान्यात फिटर, त्याच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतील. आणि दहा वर्षांनी कोणी विचारले की या नदीत काय होते, काय गेले आणि काय परत आले, तर उत्तर तुमच्या वहीत असेल.

एक वही आणि एक पेन्सिल, एवढ्याच भांडवलावर येत्या महिन्यात आरंभ करा.