विनायक : एका नावाचा अर्थ

(नभोवाणीवरून झालेले भाषण)

आमच्या वर्ध्याच्या घरी एका बारशाच्या निमित्ताने लहानसा वाद उपस्थित झाला होता. नातू जन्मला होता. माझ्या वडिलांचे नाव विनायक. तेव्हा पणजोबांचे नाव पणतूने चालवावे, हे मी मनाशी ठरवून टाकले होते, आणि त्याबाबत कोणास विचारावे असे मला वाटलेही नव्हते. बारशाला चार दिवस उरले असता सूनबाई शांतपणे म्हणाली, “बाबा, विनायक म्हणजे मूळचे विघ्न करणारे भूत, असे माझ्या वाचनात आले आहे. आजोबांविषयी मला आदर आहे. पण बाळाला ते नाव द्यायचे, तर आधी त्याचा अर्थ तुम्ही मला समजावून सांगा.”

मला राग आला, हे मी लपवीत नाही. ज्या देवाचे स्मरण केल्यावाचून आपल्याकडे कोणतेही कार्य आरंभिले जात नाही, त्याच्या नावाला भुताचे नाव म्हणावे? परंतु रागाने शब्दाचा अर्थ सिद्ध होत नाही. रात्री ग्रंथ काढून बसलो, आणि तिचे म्हणणे खोटे नाही असे आढळून आले.

मानवगृह्यसूत्रात विनायक एक नाही, चार आहेत : शालकटंकट, कूष्मांडराजपुत्र, उस्मित आणि देवयजन. हे ज्याला पछाडतात त्याच्या हातास यश येत नाही, अशी समजूत तेथे दिसते. पुढे याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात या अनेकांचा एकच विनायक झाला. तो अंबिकेचा पुत्र आहे, गणांचा अधिपती आहे. मात्र कार्यात विघ्न आणण्यासाठीच रुद्राने व ब्रह्मदेवाने त्याची योजना केली आहे. त्याची बाधा झाली, तर राजपुत्रास राज्य मिळत नाही, कुमारीस वर मिळत नाही, विद्वानास आचार्यपद लाभत नाही, वाण्यास नफा होत नाही आणि शेतकऱ्यास पीक साधत नाही. त्याच्या शांतीसाठी पांढऱ्या मोहरीचे उटणे लावून स्नान घालावे आणि चव्हाट्यावर सुपात बळी ठेवावा, असा विधीही सांगितला आहे. ज्याची शांती करायची, तोच पुढे पूज्य झाला. जो विघ्ने आणी, तोच विघ्नहर्ता ठरला. अमरकोशात गणपतीची आठ नावे दिली आहेत, त्यांत पहिले नाव विनायक हेच आहे.

हा पालट कसा घडला? माझ्या मते, त्याचे बीज शब्दातच आहे. ‘नी’ म्हणजे नेणे. ‘वि’ हा उपसर्ग लागला की त्या नेण्याला दोन दिशा फुटतात. एक दिशा दूर नेण्याची. यश दूर नेणारा तो विनायक, आणि संकट दूर नेणाराही विनायकच. दुसरी दिशा वळण लावण्याची, शिकवण्याची. विनय आणि विनीत हे आपल्या नित्याच्या वापरातले शब्द याच धातूचे आहेत. बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांच्या ग्रंथास विनयपिटक म्हणतात, तेही याच अर्थाने. आणि अमरकोशात बुद्धाच्या नावांतही विनायक हे नाव आले आहे. ज्यांनी माणसाला वळण लावले त्या तथागतांना हे नाव शोभते, यात शंका नाही. वामनपुराणकाराने आणखी निराळी व्युत्पत्ती कल्पिली : पार्वतीने पतीवाचून, म्हणजे नायकाविना, हा पुत्र निर्माण केला म्हणून तो विनायक. व्याकरणदृष्ट्या ही ओढाताण खरी, परंतु कथा गोड आहे.

याहून मौजेची गोष्ट नामकरणाच्या नियमांत सापडली. पारस्करगृह्यसूत्र सांगते की मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, आरंभी घोषवर्ण असावा, मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादा अंतस्थ वर्ण असावा, आणि ते धातूपासून झालेले कृदन्त असावे, तद्धित नसावे. आता वि-ना-य-क पाहा. अक्षरे चार, आरंभीचा ‘व’ घोष, मध्ये ‘य’ अंतस्थ, आणि शब्द कृदन्त. कसोटीला उतरणारे नाव म्हणून ते कोणत्याही पंडिताने दाखवावे.

पण सूत्रातील नियम पाहून लोक नावे ठेवीत नाहीत. महाराष्ट्रात हे नाव घरोघर पसरले ते भक्तीमुळे. दर महिन्याच्या शुद्ध चतुर्थीला आपण विनायकी म्हणतो. त्या तिथीला मूल जन्मले की नावाचा प्रश्न उरतच नसे. मुलाला देवाचे नाव ठेवावे, म्हणजे हाक मारता मारता नामस्मरण घडते, ही श्रद्धाही होती; भागवतातील अजामिळाने ‘नारायण’ अशी पुत्राला हाक मारली आणि तो तरला, ही कथा आपल्या आज्यांना मुखोद्गत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या मराठी कर्त्या पुरुषांची यादी चाळली तर हे नाव वारंवार भेटते. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे १८७१ मधले. ‘विनायक’ याच नावाने कविता लिहिणारे विनायक जनार्दन करंदीकर १८७२ मधले. विनायक दामोदर सावरकर १८८३ मधले. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर १८९१ मधले. आणि गायक विनायकराव पटवर्धन १८९८ मधले. इतिहास, काव्य, क्रांती, शिल्प, संगीत. एकाच नावाने किती निरनिराळ्या वाटा चोखाळल्या!

या मालिकेतील एक नाव मी मुद्दाम मागे ठेवले, कारण ते आमच्या जिल्ह्याचे आहे. वर्ध्याहून नागपूरकडे निघाले की प्रथम धाम नदीकाठचे पवनार लागते आणि पुढे केळझर. केळझरच्या टेकडीवर सिद्धिविनायकाचे देऊळ आहे. विदर्भातील अष्टविनायकांत त्याची गणना होते, आणि पांडवांच्या कथेतील एकचक्रा नगरी ती हीच, असे तेथील लोक मानतात. त्या टेकडीवर दगडातला विनायक आहे. अलीकडे पवनारला एक चालताबोलता विनायक राहून गेला.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील गागोदे गावी झाला. घरी आई त्यांना ‘विन्या’ म्हणे. १९१६ साली ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले आणि तेथे त्यांचे ‘विनोबा’ झाले. ज्ञानदेवांचे ज्ञानोबा, तुकारामांचे तुकोबा, विठ्ठलाचा विठोबा, त्याच साच्यातले हे नाव. मराठी माणसाला जेथे आदर आणि जवळीक ही दोन्ही एकाच हाकेत साधायची असतात, तेथे तो हा ‘बा’ जोडतो. संस्कृत नावाची मागची दोन अक्षरे गळाली, आणि ते अधिक मोठे झाले.

१९२१ साली विनोबा वर्ध्यास आले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून त्यांनी पवनार येथूनच भाषण केले. १९५१ च्या एप्रिलात तेलंगणातील पोचमपल्ली गावी भूदानाला आरंभ झाला, आणि पुढे वर्षानुवर्षे हा माणूस भूमिहीनांसाठी जमीन मागत पायी हिंडला. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारलाच त्यांनी देह ठेवला. या साऱ्या काळात त्यांनी सत्तेचे एकही पद घेतले नाही. नायक म्हणजे नेणारा. परंतु पुढे उभे राहून हुकूम सोडणे हा नेण्याचा एकच प्रकार होय. स्वतः चालू लागणे आणि मागून कोण येतो ते न पाहणे, हा दुसरा. कोशातील ‘वळण लावणारा’ हा अर्थ मला तेथे नव्याने कळला.

तेव्हा सूनबाईला मी काय सांगितले? सांगितले की, तू वाचलेस ते खरे आहे. हे नाव प्रथम भयाचे होते. भ्यालेल्या माणसांनी त्याला सुपात बळी दिला, पुढच्यांनी त्याला मखरात बसविले, आणि आमच्या जिल्ह्याने तो पायी चालताना पाहिला. नावाचा अर्थ एकदा ठरला म्हणजे कायमचा ठरला, असे नाही. जो जो ते धारण करतो, तो त्यात आपली भर घालतो. माझ्या वडिलांनीही आपल्यापरीने घातली. तालुक्याच्या शाळेत तीस वर्षे त्यांनी मुलांना शुद्धलेखन शिकविले. ‘विनायक गुरुजी’ म्हणताच आजही काही पिकल्या केसांची माणसे बसल्या जागी सरळ होतात.

तिने सारे ऐकून घेतले. मग विचारले, “बाबा, इतके सारे त्या चिमुकल्याच्या पाठीवर आजच ठेवायचे का?”

या प्रश्नाला माझ्या ग्रंथांत उत्तर नव्हते. बारशाच्या दिवशी पाळण्यात बाळाच्या कानात त्याच्या आत्याने नाव सांगितले, ते ‘विनय’. धातू तोच, उपसर्ग तोच. केवळ मधला आकार ऱ्हस्व झाला आणि शेवटचा ‘क’ गळाला. अक्षरे तीन होतात, आणि सूत्राप्रमाणे ती सम असावयास हवीत, ही शंका माझ्या ओठांवर आली होती. ती मी गिळून टाकली.

श्रोतेहो, आज नावे निवडताना आईबाप नवेपणा पाहतात, कुणाचे नसलेले नाव शोधतात. त्यात गैर काही नाही. विनायक हे नावही एके काळी नवे होते. माझी विनंती एवढीच की निवडण्यापूर्वी शब्दाचे कूळ विचारावे, आणि वडीलधाऱ्यांनी ते रागावून न सांगता प्रेमाने सांगावे. मग ठेवायचे ते नाव ठेवावे.

आमच्या घरी आता सारे जण बाळाला ‘विनू’ म्हणतात. माझी आजी माझ्या वडिलांना याच नावाने हाक मारीत असे.