जुनी मोटार आणि परिग्रह-परिमाण
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी पाचवे व्रत परिग्रह-परिमाणाचे. क्षेत्र, वास्तू, सुवर्ण, धन, धान्य अशा बाह्य परिग्रहाची मर्यादा गृहस्थाने स्वतःच ठरवावयाची, असे या व्रताचे स्वरूप आहे. शास्त्रकारांच्या यादीत मोटारगाडीचा उल्लेख असणे शक्य नव्हते. परंतु आज अनेक घरांच्या अंगणात या व्रताची परीक्षा पाहत उभी असते ती जुनी मोटारच.

सोलापूरचे मोटारीशी नाते विशेष आहे. येथे १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना उभारला. १९४२ मध्ये तो सरकारच्या स्वाधीन झाला. हातची वस्तू गेली, परंतु कर्तृत्व गेले नाही. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. पुढे फियाट आणि तिचीच प्रीमियर पद्मिनी घरोघरी पोहोचली. स्टिअरिंगजवळच्या दांड्याने गिअर बदलणारी ही गाडी कुंथलगिरीच्या यात्रेला, लग्नाच्या वरातीला आणि रुग्णाला इस्पितळात नेण्यासही धावली. सोलापूरकर जैन कुटुंबाला तिच्याविषयी ममत्व वाटावे, हे स्वाभाविकच आहे.

मात्र शास्त्रकारांनी परिग्रहाचे मूळ वस्तूत पाहिले नाही, वस्तूविषयीच्या ममत्वात पाहिले. खरा प्रश्न तेथेच सुरू होतो.

समजा, तीन भावांचे एकत्र कुटुंब आहे. दारात वडिलांची पद्मिनी, दुकानासाठी घेतलेली अँबॅसिडर आणि सुनेने जिच्यावर वाहन चालविणे शिकले ती मारुती ८०० आहे. नवी गाडी घ्यावयाची, पण जागा नाही. थोरला म्हणतो, पद्मिनीला हात लावू नका. धाकटा म्हणतो, तिन्ही भंगारात घाला. वृद्ध आईला कोणी विचारीत नाही. वाटणीत जमीन सुरळीत विभागली जाते आणि एका गाडीवरून भावाभावांतील बोलणे बंद होते. अशा वेळी निर्णय कोणत्या कसोटीवर घ्यावा?

पहिली कसोटी सेवेची. कापडाच्या पेढीवर वर्षानुवर्षे न खपलेला माल खरेदीच्या भावाने मांडून ठेवला, म्हणून तो नफा ठरत नाही. गाडीचेही तसेच आहे. जिला आठवड्यातून एकदा तरी फिरविणारा आणि तेल-पाणी, ब्रेक, वायरिंग पाहणारा माणूस घरात आहे, ती ठेवावी. केवळ ताडपत्रीखाली झिजणारी गाडी म्हणजे आठवणीची हेळसांड होय.

दुसरी कसोटी अहिंसेची. बंद गाडीत मुंग्या, उंदीर, पाखरे आसरा घेतात; एके दिवशी अचानक इंजिन सुरू केले की त्यांचा घात होतो. गळणारे तेल आणि काळा धूर हाही जीवहिंसेचाच भाग आहे. यत्नाचार पाळणाऱ्याने याचा विचार करावयास हवा.

तिसरी कसोटी कायद्याची. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते; मात्र ती नित्य वापरासाठी नसते. हा खर्च कोण करणार, हे भावांनी आधीच लिहून ठेवावे.

गाडी देऊन टाकतानाही विवेक हवा. ब्रेक निकामी झालेली, कर थकलेली गाडी ड्रायव्हरला 'बक्षीस' देणे हे दान नव्हे. तो स्वतःचा भार गरिबाच्या डोक्यावर ठेवणे होय. द्यावयाची तर दुरुस्त करून, नावावर करून द्यावी. कागदोपत्री हस्तांतर झाले नाही, तर अपघाताची जबाबदारी मूळ मालकाकडेच येते. चालण्याजोगी नसेल, तर नोंदणीकृत भंगार केंद्रात देऊन ठेव-प्रमाणपत्र घ्यावे.

या कसोट्यांवर त्या घरातील पद्मिनी कदाचित राहील, कदाचित जाईल. ती जावयाची असेल, तर आधी आईला तिच्यात बसवून मंदिरापर्यंत एकदा न्यावे आणि मग किल्ली द्यावी. पद्मिनीचे उत्पादन कधीच थांबले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सीही निवृत्त झाली. वडिलांचा वारसा पत्र्यात असता, तर तोही गंजला असता. तो भावांच्या एकोप्यात आहे. गाडी कोणतीही जावो, तो तेवढा जपला जावा, एवढीच प्रार्थना.

जय जिनेंद्र.