शाळा काढणं आणि शाळा बांधणं

(वसंत व्याख्यानमाला, सुलतान बाजार, हैदराबाद)



मराठीत शाळा काढतात, शाळा भरते, शाळा सुटते. यातल्या एकाही क्रियापदाला भिंत लागत नाही. भिंत येते ती 'बांधणे' या क्रियापदाबरोबर, आणि हल्ली गरीब वस्तीतल्या शिक्षणाबद्दल बोलताना आपल्या तोंडी तेच क्रियापद असतं.

इथून जवळच इसामिया बाजार आहे. 1910 साली भाग्यरेड्डी वर्मांनी तिथे आणि लिंगमपल्लीत अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या. माला जातीतला हा माणूस, जन्म 1888 चा, पोरवयात एका बॅरिस्टरच्या घरी कामाला होता. मात्र त्यांनी सुरुवात शाळेपासून केली नव्हती. 1906 मध्ये त्यांनी जगन्मित्र मंडळी स्थापन केली. मंडळी वस्तीत जायची, हरिकथा करायची. आधी माणसं जमली, मग पाटी-पेन्सिल आली. योगायोग पाहा: 1906 च्याच ऑक्टोबरात विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईला परळ भागात निराश्रित साहाय्यकारी मंडळीची शाळा काढली.

भाग्यरेड्डींच्या या आदि-हिंदू शाळा वाढत वाढत सव्वीस झाल्या, मुलं अडीच हजारांच्या घरात गेली. त्या तेलुगूत चालत. राज्याचा कारभार उर्दूत, पुढे उस्मानिया विद्यापीठही उर्दूतच निघालं. अशा शहरात घरी तेलुगू बोलणाऱ्या पोराला तेलुगूत शिकवणं ही साधी गोष्ट नव्हती. आपल्या मराठी माणसांना हे वेगळं सांगायला नको. केशवराव कोरटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकवर्धिनी शाळा उभी केली, तिच्यामागे मराठीची हीच ओढ होती. पण खरं बोलायचं तर वकील-कारकुनांच्या घरातून शाळेकडे जायची वाट सरळ होती. वस्तीतल्या पोराची तशी नव्हती. भाषा आपली असून भागत नाही, वेळही आपली असावी लागते.

सुलतान बाजाराचंही थोडं श्रेय आहे. 1933 पर्यंत हा रेसिडेन्सी बाजार होता, इथे अंमल इंग्रजांचा. निजामाच्या हद्दीत सभा घ्यायला परवानगी, खासगी शाळा काढायला परवानगी, असा जाच वाढत गेला, तेव्हा या गल्ल्यांत श्वास घेता येत होता. 1892 मध्ये इथे आर्य समाज आला, 1901 मध्ये श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय. इंग्रजांचे आभार मानण्याचा माझा विचार नाही. दोन सरकारांच्या फटीत कधी कधी रोप उगवतं, इतकंच.

आता अलीकडचं. 2022 मध्ये तेलंगण सरकारने सरकारी शाळांच्या दुरुस्तीची योजना आणली. शहरात तिचं नाव होतं 'मन बस्ती मन बडी', म्हणजे आपली वस्ती, आपली शाळा. 7,289 कोटी रुपये, सव्वीस हजारांवर शाळा. (भाग्यरेड्डींच्या सव्वीस. आकडा तोच, पुढे तीन शून्यं.) कामं बारा: पाण्यासह संडास, वीज, पिण्याचं पाणी, बाकं, रंग, खडूचे फळे, कुंपण वगैरे. मला यातलं एकही नको नाही. संडास नाही म्हणून मोठ्या मुली शाळा सोडतात, हे ठाऊक असलेला माणूस भिंतींना नावं ठेवणार नाही. पण या बारांत शिक्षक नव्हता, शाळेची वेळ नव्हती.

वेळेचा प्रश्न डहाणूजवळच्या कोसबाडला सुटला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाहिलं की आदिवासी मुलं ढोरं राखायला जातात; तेव्हा त्यांनी कुरणातच शाळा भरवली. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळायला घरी राहते, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून 'विकासवाडी' केली. कुरण डहाणूचं होतं. आपलं कुरण या दाराबाहेर आहे.

आत्ता येताना कोठीच्या फुटपाथवर एक मुलगी दिसली, दहा-अकराची असेल. कडेवर भाऊ, समोर केसांच्या पिना आणि रबरं मांडलेली. मी भाव विचारला. तिने आधी तेलुगूत सांगितला, मग हिंदीत, आणि माझा चेहरा बघून शेवटी मराठीत.