थंडीत मासा घाई करीत नाही



पौष महिन्यातली पहाट. साडेपाचचा सुमार. उजनीच्या फुगवट्यावर धुके इतके दाटले आहे की होडीच्या पुढच्या टोकाला बसलेल्या माणसाला मागच्या वल्हेकऱ्याचा चेहरा दिसत नाही. काठावर दोन-तीन ठिकाणी शेकोट्या धुमसत आहेत. संध्याकाळी टाकलेली जाळी ओढायची आहेत. मासे घेऊन लिलावाची वेळ गाठायची आहे. म्हणून अंगात स्वेटर, डोक्याला मफलर अशा थाटात माणसे एकेक करून होडीत चढतात आणि त्या पांढऱ्या भिंतीत नाहीशी होतात.

आज मी बोलणार आहे ते या माणसांविषयी. रविवारी गळ घेऊन काठावर जाणारे माझ्यासारखे हौशी लोक आणि सहलीच्या मुलांना होडीत बसवणारे माझे शिक्षक बंधुभगिनी यांच्याविषयीही. सांगायची गोष्ट एकच आहे. थंडीत मासा घाई करीत नाही. तेव्हा आपणही करू नये.

मी भूगोलाचा मास्तर. त्यामुळे आधी पाण्याची ओळख करून देतो. भीमा नदीवरचे उजनी धरण 1980 साली पुरे झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. सुमारे 117 टी. एम. सी. पाणी त्यात मावते. या पाण्याखाली गावे गेली, शेते गेली, विहिरी गेल्या. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या पळसदेवचे देऊळ वर येते, ते पुष्कळांनी पाहिले असेल. पाणी भरलेले असते तेव्हा या साऱ्या गोष्टी खालीच असतात, हे मात्र आपण विसरतो. विहिरीचे कठडे, वाळलेली झाडे, घरांच्या भिंती. हिवाळ्यात कालव्यांना पाणी सुटते, पातळी हळूहळू उतरू लागते आणि गेल्या महिन्यात जिथून होडी सुखरूप गेली तिथेच ती या महिन्यात अडकते. धुक्यात तर अडकल्यावरच कळते.

दुसरी गोष्ट अशी की आपण देशावरची माणसे. आपले पोहणे विहिरीतले. चार हात मारले की कठडा हाताला लागतो. नदी झाली तरी पैलतीर दिसतो. जलाशयात मात्र काठ डोळ्यांना जवळ वाटतो आणि हाताला लांब पडतो. मोकळ्या पाण्यावर वारा जितका लांबून येतो तितकी लाट मोठी होते. 21 मे 2024 रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली होडी संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात याच जलाशयात उलटली आणि सहा माणसे गेली. ते दिवस वळवाच्या वाऱ्याचे होते. थंडीत तसे वादळ नसते, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण थंडीचे स्वतःचे दोन हत्यारबंद चोर आहेत. एक धुके आणि दुसरा गारठा.

आता माशाकडे वळू या. मासा थंड रक्ताचा. आपले शरीर बाहेर कितीही गारवा असला तरी आतली ऊब 37 अंशांच्या आसपास राखते. माशाला ते जमत नाही. पाणी जितके गार, तितका तो मंद. पाणी विशीच्या खाली उतरू लागले की रोहू, कटला, मृगळ यांची भूक मंदावते. आणि आपण जिला चिलापी म्हणतो, ती तर मूळची आफ्रिकेतली; 1952 साली आपल्या देशात आणलेली. तिला गारठा मुळीच सोसत नाही. रात्री काठालगतचे उथळ पाणी लवकर निवते, म्हणून मासा खोल पाण्याचा आश्रय घेतो. ऊन वर आले, काठाचा चिखल आणि उथळ पाणी जरा तापले, की तो हळूहळू वर सरकतो आणि तोंड हलवू लागतो.

अमेरिकेतील तळ्यांत बास नावाचा एक शिकारी मासा असतो. तिकडच्या गळकऱ्यांचा तो मोठा लाडका. उन्हाळ्यात हा पाण्याबाहेर उडी मारून भक्ष्य पकडतो. पण हिवाळ्यात तोच मासा खोलगट कडेला, बुडालेल्या झाडाच्या बुंध्याशी पडून राहतो आणि आमिष अगदी नाकाजवळून, सावकाश नेले तरच घेतो. म्हणून तिथले जाणते लोक थंडीत उजाडताच धावत नाहीत. ऊन वर येऊ देतात, गळ हळू ओढतात, आणि अंगात तरंगणारे जाकीट घालूनच होडीत बसतात. जे घालीत नाहीत त्यांचा हिशोब तिथल्या तटरक्षक दलाच्या वार्षिक अहवालांत सापडतो. होडीच्या अपघातांत बुडून मेलेल्या दर पाच माणसांपैकी चारांहून अधिक जणांच्या अंगावर जाकीट नव्हते, असेच ते अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत.

मग गळवाल्याने इथे काय करावे? सकाळी दहाच्या आत होडी काढूच नये. दहा ते तीन ही वेळ माशाचीही आहे आणि माणसाचीही. आमिष लहान लावावे, सावकाश ओढावे, काठ सोडून फार लांब जाऊ नये. जाळेवाल्याची अडचण निराळी, हे मी जाणतो. त्याला लिलावाची घंटा चुकवून चालत नाही. पण थंडीत जाळ्यातला मासा उन्हाळ्यासारखा लवकर खराब होत नाही. धुके विरेपर्यंत तासभर थांबल्याने माल जात नाही. जाते ती फक्त लिलावातली पहिली बोली. ती सर्वांनी मिळून सावरता येईल. हिवाळ्याचे दोन महिने लिलाव तासभर उशिरा सुरू करा, असे सोसायटीच्या बैठकीत कोणी तरी उठून म्हणायला हवे. एकट्याने थांबला तर त्याचे नुकसान. सगळे थांबले तर कोणाचेच नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी जानेवारीत एका अनुभवी मच्छीमाराबरोबर मी पहाटे गेलो होतो. त्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो. बालपणापासून पाण्यात वाढलेला माणूस. पाण्यावरून वाफा निघत होत्या. मी हात घातला तर पाणी चक्क कोमट लागले. मी तसे म्हणालोही. अण्णा हसले. हवा दहा अंशांची आणि पाणी विसाच्या आगेमागे. मग ते कोमट लागणारच. पण आपल्या अंगाशी तुलना केली तर ते सतरा अंशांनी गार, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब ओढून घेते. हा हिशोब मी वर्गात शिकवीत होतो. होडीत मात्र मला तो आठवला नाही.

तासभर ओली जाळी ओढून अण्णांची बोटे बधिर झाली होती. जाळे खाली कशात तरी अडकले. ते उभे राहून हिसका द्यायला गेले आणि तोल जाऊन पाण्यात पडले. मी घाबरून त्याच बाजूला झुकलो. होडीचा काठ पाण्याला टेकला, आत पाणी आले. "मास्तर, मागं व्हा!" असे ते पाण्यातून ओरडले, म्हणून होडी वाचली. पट्टीचा पोहणारा तो माणूस, पण पडल्या पडल्या एकदम मोठा श्वास आत ओढला गेला आणि त्याबरोबर पाणीही. नंतर होडीचा काठ धरायला हात वर केले, तर बोटे मिटेनात. होडीत दोरी बांधलेला, घट्ट झाकणाचा एक रिकामा प्लॅस्टिकचा डबा होता. तो मी त्यांच्याकडे फेकला. त्यावर छाती टाकून ते तरंगत राहिले. दुसरी होडी हाक ऐकून आली तोवर दहा-पंधरा मिनिटे गेली असतील. पोहणाराच बुडतो, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला. पोहणे डोक्याला येत असते, पण गारठलेल्या हातांना ते आठवत नाही.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा. पाण्यात पडलात तर पहिले मिनिट पोहू नका. नुसते तरंगत राहा, श्वास ताब्यात येऊ द्या. होडी उलटली तरी बहुधा तरंगते. तिला सोडून काठाकडे निघू नका. उलटलेली होडी लांबून दिसते, माणसाचे डोके दिसत नाही. गुडघे छातीशी घ्या, दोघे-तिघे असाल तर एकमेकांना बिलगून राहा, म्हणजे ऊब टिकते. काठावरच्या माणसाने उडी घेऊ नये. दोरी, बांबू, धोतर, रिकामा डबा, जे हाताशी असेल ते फेकावे. पाण्यात माणसाचे डोके वर राहायला सहा-सात किलोंचा आधार पुरतो. घट्ट झाकणाचा दहा लिटरचा रिकामा डबा तेवढा आधार सहज देतो.

होडीत उभे राहून जाळे ओढू नका, गुडघ्यावर बसा. जाळे अडकले तर कापा. जाळे नवे घेता येते. होडीत इतकीच माणसे घ्या की तिचा काठ पाण्यावर चांगला हातभर उरेल. आणि निघताना घरी सांगा, कुठे चाललो आणि किती वाजता परतणार.

बाहेर काढलेल्या माणसाच्या बाबतीतही आपल्या काही समजुती घातक आहेत. त्याला पाय धरून उलटे टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास चालत नसेल तर लागलीच तोंडाने श्वास द्या, छातीवर दाब द्या आणि कोणाला तरी 108 ला फोन करायला सांगा. शुद्धीवर असेल तर ओले कपडे काढा, कोरड्या घोंगडीत गुंडाळा, गरम गोड चहा द्या. "थोडी दारू पाजा, ऊब येईल," असे म्हणणारा एक तरी काठावर असतोच. त्याचे ऐकू नका. दारूने कातडीकडे रक्त धावते, ऊब आल्याचा भास होतो आणि आतली खरी ऊब बाहेर निघून जाते.

शिक्षक मित्रांनो, आता तुमच्याशी दोन शब्द. 18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीच्या मुलांची होडी उलटली. बारा मुले आणि दोन शिक्षिका बुडाल्या. तो समुद्र नव्हता, पूर नव्हता. शहरातला तलाव होता. सहलीचे दिवस म्हणजे थंडीचे दिवस. होडीवाला म्हणेल, "गुरुजी, अजून पाच पोरं बसतील." तेव्हा "नाही" म्हणण्याचे धैर्य तुमच्यापाशी हवे. जाकिटे मोजा. मुले अधिक आणि जाकिटे कमी असतील तर फेऱ्या वाढवा. तेही जमत नसेल तर मुलांना काठावर बसवून रोहित पक्षी दाखवा. भिगवणच्या काठावरून दिसतातच की ते.

जाकीट घालायची पुष्कळांना लाज वाटते. "आम्ही काय पोरं आहोत?" असे म्हणतात. त्यांना मी इतकेच विचारतो, लहानपणी पाठीला भोपळा किंवा डबा बांधूनच विहिरीत उडी मारली होती ना? तेव्हा लाज वाटली नाही. बापाने गाठ घट्ट आहे का हे स्वतः ओढून पाहिले होते. जाकीट म्हणजे तोच भोपळा. फरक इतकाच की गाठ ओढून पाहायला आता बाप शेजारी नाही. ती आपली आपणच पाहायची.

अण्णा अजूनही जाळी टाकतात. पण ऊन पडल्यावर निघतात. त्यांच्या नातवाच्या अंगावर नारिंगी जाकीट असते आणि होडीत दोरी बांधलेला तो जुना डबाही असतो. लिलावाला ते थोडे उशिरा पोहोचतात, दोन पैसे कमी मिळतात. घरी मात्र वेळेवर पोहोचतात.