वाजणारा टॅपेट आणि मुका टॅपेट



व्याख्यानमालेत इंजिनावर बोलायचं म्हटल्यावर काहींना नवल वाटलं असेल. पण आपल्या मुखेड गावाला रेल्वे नाही. कंधार, देगलूर, उदगीर, नरसी, कुठंही जायचं तर रस्ता हाच आधार. त्या रस्त्यावर एसटीच्या जोडीला धावतात त्या बहुतेक वापरलेल्या, दुसऱ्या-तिसऱ्या हातच्या गाड्या: कमांडर, ट्रॅक्स, ओम्नी, आता डिझायर. या गाड्यांवर किती घरांच्या चुली पेटतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून तो विषय या मंचावर आणायचं धाडस करतो.

गाडी जुनी झाली की एक दिवस इंजिनाच्या वरच्या अंगाला टिक्-टिक् सुरू होते. ‘गाडी टॅपेट मारतेय’ असं आपण म्हणतो, आणि गॅरेजवाल्याला सांगतो, ‘आवाज तेवढा बंद करून द्या.’ माझं आजचं सगळं बोलणं या एका वाक्याविरुद्ध आहे. आवाज बंद होणं आणि दोष जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रत्येक सिलिंडरला हवा आत घेणारा (इनलेट) आणि जळका वायू बाहेर सोडणारा (एक्झॉस्ट) असे व्हॉल्व्ह असतात. ते उघडण्याचं काम कॅमशाफ्ट करतो, क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरून. क्रँक मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १५०० वेळा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. व्हॉल्व्ह तापला की त्याची दांडी लांबते. त्या लांबण्याला जागा म्हणून टॅपेटमध्ये, म्हणजे कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोचवणाऱ्या सांध्यात, मुद्दाम बारीक फट ठेवलेली असते. ट्रॅक्समध्ये आलेल्या मर्सिडीज घराण्याच्या ओएम ६१६ डिझेल इंजिनाला थंड स्थितीत इनलेटची फट ०.१० आणि एक्झॉस्टची ०.३० मिलिमीटर ठेवतात. एक्झॉस्ट जास्त तापतो, म्हणून त्याची फट मोठी.

झिजेनं ही फट वाढली की व्हॉल्व्ह दाबणारा दांडा, म्हणजे रॉकर, आपटतो आणि आवाज येतो. व्हॉल्व्ह उशिरा आणि कमी उघडतो, ताकद थोडी घटते. पण गाडी आपल्याला सांगत असते, मला बघा.

आता उलट बाजू पाहा. फट कमी झाली तर काहीच वाजत नाही. मालक खूश असतो. आत मात्र तापलेला व्हॉल्व्ह आपल्या सीटवर पुरता बसत नाही. व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकूनच सोडत असतो. टेकणंच अपुरं राहिलं, की सीटच्या कडेनं जळता वायू निसटतो, व्हॉल्व्हची कड जळते, कॉम्प्रेशन जातं आणि हेड उतरवण्याची पाळी येते. गॅसवर चालणाऱ्या जुन्या ओम्नीत हे सहज घडू शकतं. गॅसवर व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट आपोआप मिटत जाते. इंजिन दिवसेंदिवस शांत होतं आणि त्याच वेळी बिघडत जातं. म्हणून सांगतो, वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा मुक्या टॅपेटची धास्ती धरा. आवाज घालवण्यासाठी टॅपेट नुसत्या कानानं आवळून घेणं म्हणजे पुढच्या मोठ्या खर्चाला आमंत्रण.

मग करायचं काय? मोजायचं. इंजिन रात्रभर थंड होऊ द्यायचं. त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा, फट मोजणाऱ्या फिलर गेजची योग्य पात घालायची, स्क्रू बसवायचा, नट आवळायचा आणि आवळल्यावर पुन्हा मोजायचं, कारण नट आवळताना फट हलते. काही इंजिनांचं माप गरम स्थितीतलं दिलेलं असतं. ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावं, अंदाज करू नये. रॉकरच्या तोंडाला खड्डा पडला असेल तर सपाट पात त्या खड्ड्यावरून जाते आणि माप बरोबर दिसूनही आवाज राहतो. तिथं स्क्रू फिरवत बसू नये, रॉकर बदलावा.

हे झालं स्क्रूच्या टॅपेटचं. १९३० साली अमेरिकेत कॅडिलॅकनं आपल्या सोळा सिलिंडरच्या गाडीत तेलावर चालणारी युक्ती बसवली, आणि हायड्रॉलिक टॅपेट रस्त्यावर आला. आपल्याकडच्या स्विफ्ट-डिझायरमधल्या, मूळ फियाटच्या १.३ लिटर डिझेल इंजिनात तोच आहे. त्यात एक छोटा दट्ट्या, एक स्प्रिंग आणि तेल एकाच दिशेनं सोडणारी गोळी असते. इंजिनाचं तेल आत कोंडलं जातं, दाबलं जात नाही, आणि फट आपोआप भरून निघते. इथं ‘टॅपेट सेट करून द्या’ या मागणीला अर्थच नाही. इथं तेल हाच स्क्रू आहे.

त्यामुळे अशी गाडी वाजू लागली की पाना हाती घेण्याआधी डिपस्टिक ओढा. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर थोडं थांबून पातळी पाहा. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो. जास्त असेल तर क्रँक ते घुसळून फेस करतो. दोन्ही वेळा टॅपेटात हवा शिरते, आणि हवा दाबली जाते, म्हणून तो वाजतो. सकाळी सुरू करताना काही सेकंद टिक्-टिक् होऊन थांबत असेल तर घाबरण्याचं कारण नाही. रात्रीत निथळलेलं तेल पुन्हा भरायला तेवढा वेळ लागतो. तो वेळ वाढत चालला असेल तर ऑइल फिल्टर पाहा. चांगल्या फिल्टरमध्ये तेल मागं निथळू न देणारी रबरी झडप असते, हलक्या फिल्टरमध्ये ती निकामी असते किंवा नसतेच. इंजिन गरम झाल्यावर आवाज येत असेल तर तेल पातळ पडलंय किंवा दाब कमी आहे. दाब गेजनं मोजून घ्या. आणि तेलाचा लाल दिवा लागला, तर पुढच्या गावापर्यंतही जाऊ नका, तिथंच इंजिन बंद करा.

गाळानं अडकलेला टॅपेट मोकळा करायला बाजारात फ्लश मिळतो. फार गाळ साठलेल्या जुन्या इंजिनात तो घाईनं वापरू नये. सुटलेला गाळ एकदम खाली येऊन पंपाची जाळी चोंदवू शकतो. त्यापेक्षा कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं चांगलं तेल भरा आणि नेहमीपेक्षा लवकर, दोनदा बदला. तेलातली साफ करणारी द्रव्यं गाळ हळूहळू उतरवतात. सरसकट जाड तेल भरून आवाज लपवू नका. थंड इंजिनात जाड तेल वर उशिरा पोहोचतं आणि कॅम कोरडा घासतो. एवढं करूनही एकच टॅपेट वाजत राहिला, तर तो झिजला आहे. बदलावा, आणि बदलताना कॅमही तपासावा.

शेवटी एक विनंती गाडीमालकांना. आपल्या गॅरेजात टॅपेट गरम इंजिनावर, उभ्या-उभ्या आवळले जातात, ते कारागिराला काम येत नाही म्हणून नव्हे, तर आपण डोक्यावर उभे असतो म्हणून. तेल कोणत्या ग्रेडचं आणि किती किलोमीटरवर बदललं, याची वही गाडीत ठेवा. मुक्कामाला गाडी गॅरेजात सोडा, सकाळी थंड इंजिनावर माप घेऊ द्या, आणि त्या मापाच्या कामाचे पैसे घासाघीस न करता द्या. नव्या स्पेअरपार्टला आपण किंमत मोजतो, मग मोजून काम करणाऱ्या हातालाही मोजायला हवी.