विज्ञानाची पुस्तके आणि आपली परीक्षादृष्टी



पर्वकाळातील प्रवचनांत एक विधान हमखास ऐकू येते : पाण्याच्या थेंबात असंख्य जीव असल्याचे आपल्या शास्त्राने सांगितले आणि सूक्ष्मदर्शकाने ते सिद्ध केले. श्रोते माना डोलावतात. परंतु त्या सूक्ष्मदर्शकातून प्रथम कोणी पाहिले व काय पाहिले, हे आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहे ?

पॉल डी क्रूफ यांच्या ‘मायक्रोब हंटर्स’ (१९२६) या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण लेव्हेनहूकवर आहे. डेल्फ्ट गावचा हा कापडव्यापारी (आपल्या व्यापारी समाजाला तो जवळचाच वाटावा !) विद्वानांच्या लॅटिन भाषेस पारखा होता. स्वहस्ते घासलेल्या एकाच भिंगातून त्याने पाण्यातील हालचाल करणारे जीव पाहिले आणि १६७६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीस सविस्तर कळविले. सोसायटीने केवळ पत्रावर विसंबून ते मान्य केले नाही. १६७७ मध्ये रॉबर्ट हूकने सभासदांना ते जीव प्रत्यक्ष दाखविले, तेव्हा कोठे खात्री पटली.

एवढे वाचले की भेद स्पष्ट होतो. लेव्हेनहूकला दिसले ते पाण्यात राहणारे जीव. शास्त्रातील अप्कायिक जीव म्हणजे जल हेच ज्यांचे शरीर, ते. भिंगाने हे दुसरे सिद्धही केले नाही आणि असिद्धही नाही. पाणी गाळून घेण्याच्या आचारामागील जीवदयेला मात्र पहिल्या गोष्टीने बळ मिळते. परमाणूचेही तसेच. १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लागला आणि विज्ञानाचा अणू अविभाज्य उरला नाही. पुद्गलाचा परमाणू तर अविभागीच मानला आहे. नामसाम्य म्हणजे प्रमाण नव्हे.

अशा वाचनाने मुलांची श्रद्धा ढळेल, अशी काही ज्येष्ठांना भीती वाटते. मला भीती वाटते ती निराळीच. आपण दिलेला दाखला सदोष असल्याचे मुलाला उद्या महाविद्यालयात कळेल, आणि दाखल्यासोबत तो सिद्धांतही टाकून देईल. आचार्य समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसे’त साक्षात आप्ताची परीक्षा मांडली, मग प्रवचनातील एका वाक्याची परीक्षा करण्यास आपण का कचरावे?

विश्वस्तांना विनंती की, पाठशाळेच्या कपाटातील एक खण अशा पुस्तकांसाठी राखावा. मराठीत डॉ. जयंत नारळीकरांचे ‘आकाशाशी जडले नाते’ आहेच. आठवड्यास एक प्रकरण मोठ्याने वाचावे, न उमगलेल्या जागी पेन्सिलीने खूण करावी आणि त्या जागा विज्ञानशिक्षकांना विचाराव्यात. पहिल्या दोन प्रती मी आजच कार्यालयात जमा केल्या आहेत.