‘सून जेवायला देत नाही’
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



मला बोलायला सांगितलंय ते स्मृतिभ्रंशावर, म्हणजे डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात त्यावर. मी डॉक्टर नाही, सल्ला केंद्रात बसणारी कार्यकर्ती आहे. म्हणून आमच्या हातून झालेल्या एका चुकीपासूनच सुरुवात करते.

काही वर्षांपूर्वी एक आजी शेजारणीला घेऊन केंद्रात आल्या. “सून दोन दिवस जेवायला देत नाही, माझ्या पाटल्याही तिनंच लपवल्यात,” म्हणून रडत होत्या. आम्ही दोघी तडक घरी गेलो आणि चार बायकांदेखत सुनेला फैलावर घेतलं. ती उलटून बोलली नाही. आत गेली आणि मोरीतलं खरकटं ताट आणून आमच्यापुढं ठेवलं. आजी केंद्रात येण्यापूर्वीच जेवल्या होत्या. म्हणाली, “ताई, आत्याबाई रात्री तीन-तीनदा उठून दाराची कडी काढतात. माहेरी जायचंय म्हणतात. नवरा म्हणतो, तूच काहीतरी बोलली असशील. आता तुम्हीही आलात.” पाटल्या पुढं महिन्याभरानं पिठाच्या डब्यात सापडल्या.

‘साठी बुद्धी नाठी’ असं म्हणून आपण हे सोडून देतो. पण हे वय नव्हे, मेंदूचा आजार आहे. त्याची कारणं अनेक; अल्झायमर हे त्यातलं सर्वात जास्त आढळणारं. या आजारात जुनं बरंच काळ टिकतं, ताजं मात्र पुसलं जातं. त्यामुळं माहेरचं दार आठवतं, तासापूर्वीचं जेवण आठवत नाही. आपणच ठेवलेली वस्तू सापडली नाही की ती चोरीला गेली असं वाटतं, आणि आळ येतो तो जी सतत जवळ असते तिच्यावर. हे नवं नाही. डॉ. अल्झायमर यांनी ज्या रुग्णावरून हा आजार मांडला ती ऑगुस्टे डेटर नावाची 51 वर्षांची बाई होती. 1901 साली तिला फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात दाखल केलं. तिच्या आजाराची सुरुवातही नवऱ्यावरच्या निराधार संशयानं झाली होती.

आता आपल्या शेजारचं संशोधन. गोव्यात विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी केलेला अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. लोकांशी, डॉक्टरांशी, गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांशी ते बोलले. स्मृतिभ्रंशाला लोक म्हातारपणच समजत, त्यामुळं असे रुग्ण दवाखान्यात क्वचितच दिसत. पण आरोग्य कार्यकर्त्यांना अशी माणसं कुठल्या घरात आहेत ते ठाऊक होतं. शिवाय, आईवडिलांची ही अवस्था मुलांनी हेळसांड केल्यामुळं, माया न लावल्यामुळं झाली, असा समज होता. मुलांनी म्हणायचं आणि बोट सुनेकडं दाखवायचं, हे मी तुम्हाला सांगायला नको. आणखी एक कडू गोष्ट त्यांना आढळली: सांभाळ पुष्कळदा वारशाच्या आशेवर चालतो. ‘आमच्याकडं एकत्र कुटुंब आहे, चिंता नको’ असं भाषणात सांगणाऱ्यांनी हे वाचावं.

जगभराचा हिशेब जागतिक आरोग्य संघटनेनं मांडलाय. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या सांभाळाचे 70 टक्के तास बायका देतात. आजारीही बायकाच जास्त. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा, की साठीपुढच्या शंभरांत सुमारे 7 जणांना हा आजार आहे, म्हणजे अंदाजे 88 लाख. पुरुषांत शंभरी सुमारे 6, बायकांत 9. शहरापेक्षा खेड्यात जास्त.

चाचण्यांबद्दलही बोललं पाहिजे. परदेशी चाचण्या शाळा शिकलेल्यांसाठी बनलेल्या. जिनं पाटी-पेन्सिल हातात धरली नाही, तिला वाच, लिही, चित्र काढ म्हटलं तर ती नापासच होणार. 1990 च्या दशकात हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांत काम करणाऱ्या संशोधकांनी निरक्षरांना जमेल अशी हिंदी चाचणी बेतली, आणि रोजची कामं जमतात का हे घरच्यांना विचारण्याची प्रश्नावलीही केली. रोजच्या कामांवरून बाईची बुद्धी जोखावी हे कुणाला तरी सुचलं, याचं मला बरं वाटलं.

उपाय काय? आजार मुळापासून बरा करणारं औषध नाही. पण विसर पडला म्हणजे स्मृतिभ्रंशच, असंही नाही. थायरॉईड, ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य यांनीही असं होतं आणि ते उपचारानं सुधारू शकतं. म्हणून तपासणी हवीच.

गोव्यातला दुसरा प्रयोग मला आपल्या कामाचा वाटतो. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी तो 2008 साली प्रसिद्ध केला. 81 कुटुंबं होती. त्यांतल्या निम्म्या घरी प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक कार्यकर्त्या जात. आजार समजावून सांगत, रुग्णाशी कसं वागावं ते दाखवत, सांभाळणाऱ्याचं ऐकून घेत. गरज पडली तर पाठीशी मनोविकारतज्ज्ञ. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण स्पष्टपणे कमी झाला. घरभेट, ऐकून घेणं, माहिती देणं, हे आपण गेली कित्येक वर्षं करतोच आहोत ना?

पण एक सांगते. आता प्रत्येक आजीची तक्रार म्हणजे आजार, असं ठरवून मोकळ्या होऊ नका. आजींना खरोखर उपाशी ठेवणारी घरं आहेत. भ्रमिष्ट ठरवून जमिनीच्या कागदावर अंगठा उठवून घेणारे मुलगे आणि पुतणे आहेत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं प्रत्येक सज्ञान माणसाला, पुढं निर्णयशक्ती गेली तर कसे उपचार हवेत, कसे नकोत, आणि आपल्या वतीनं कुणी बोलावं, हे आधीच लिहून ठेवायचा हक्क दिलाय. चाळिशी-पन्नाशीतल्या आपण किती जणींनी तो कागद केलाय?

आमच्या केंद्रात आता आजींची तक्रार आली की आधी त्यांच्याशी एकट्यानं बोलतो, मग सुनेशी एकटीशी. शेजारी बसवून जाब विचारत नाही. त्या सुनेची मी माफी मागितली. ती म्हणाली, “माफी राहू दे ताई, गुरुवारी दुपारी कुणीतरी दोन तास यांच्याजवळ बसा, मला बाजार करायचाय.” आळीपाळीनं आम्ही बसलो. आजी वारल्या तोवर दीड वर्ष ते चाललं. गावोगावी हे कसं जमवायचं, रोजंदारीवर जाणारीनं काय करायचं, सरकारकडं दिवसाचं पाळणाघर मागायचं का, हे चहानंतर गटांत बसून बोलू.